फेटा कुणाच्या डोक्यावर

दुष्काळाच्या वर्षी आमच्या हायस्कूलच्या मुलींनी नगरला खो-खोची ढाल जिंकली. दिवसभर खडी फोडून आलेलं गाव सत्काराला मारुतीच्या देवळापुढं जमलं. आधी आमच्या खेळाच्या सरांना फेटा बांधला. मग कर्णधार म्हणून माझं नाव पुकारलं आणि फेट्यासाठी मात्र वडिलांना पुढं बोलावलं. मुलीचा मान बापाच्या डोक्यावर, अशी रीतच होती. कसली रीत? सोललेले गुडघे माझे होते! मी तरातरा पुढं गेले आणि सरपंचांसमोर डोकं वाकवलं.

“फेटा मला बांधा. पळालेय मी.”

सरपंच वडिलांकडं बघत राहिले.

“बघता काय? बांधा की,” वडील म्हणाले, “अन् घट्ट बांधा. लई पळती ती.”