खोडलेले चार बिंदू

काल मुलगी आलेख काढत होती. खोडरबराचा वास आला आणि मला नांदेडच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली.

काचेच्या नळीत जांभळा प्लाझ्मा, म्हणजे विजेने उजळलेला वायू, पेटलेला असे. त्यात बारीक तार सोडून, व्होल्टेज वाढवत प्रवाह मोजायचा आणि आलेखाच्या चढावरून इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायची. माझी जोडीदार चाकूरची सुमन आकडे वाचायची, मी आलेख काढायचो. पुस्तकात सरळ रेष होती. आमची पहिल्या चार बिंदूंपाशी वाकली.

"तू नीट वाचलं न्हाईस."

"तीनदा वाचलंय. वाकून राहिली तर वाकू दे की! तुझ्या बापाची रेष हाय का?"

मी ते बिंदू खोडले. सरांना खाडाखोड दिसली, तेव्हा सुमनचं वाचन चुकलं, असं सांगितलं. तिचे गुण कापले गेले. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

पुढे लातूरला शिकवताना कळलं, की प्लाझ्मात कधी कधी मंद आणि वेगवान असे इलेक्ट्रॉनांचे दोन गट असतात. तेव्हा रेष वाकतेच.

"बाबा, हा बिंदू रेषेत बसत नाही. खोडू?"

"किती वेळा मोजलंस?"

"तीनदा."

मी खोडरबर खिशात टाकला.