जैसे थे पाणी

"घराजवळ कुठे पाणी साचलंय का?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सुंदराबाई ओव्हाळ हसल्या. ते हसू असं होतं की डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली.

"साचलंय म्हंजे? तळं हाय डॉक्टर. आमच्या खोलीच्या दारात. चार वर्सं झाली."

कॉटवर त्यांची मुलगी मैत्री पडली होती. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती, कॉलेजात हुशार. आता डेंगीनं तिचे ओठ फुटले होते, हातावर लाल ठिपके उमटले होते. प्लेटलेट वीस हजारांवर आल्या होत्या. डॉक्टरांनी साचलेल्या पाण्याचं कागदावर लिहून घेतलं आणि ते पुढच्या कॉटकडे गेले. त्या वॉर्डात सगळ्याच कॉटवर तोच आजार होता.

सुंदराबाई मूळच्या मुळशीकडच्या. नवरा गेल्यावर नऊ वर्षांच्या मैत्रीला घेऊन त्या बावधनला एका बंगल्यावर राखणीला आल्या, त्याला अकरा वर्षं झाली. मागच्या अंगाला एक खोली, खोलीपुढे तलाव. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. बंगल्याचे म्हातारे साहेब रोज सकाळी त्यात पोहायचे. पाणी असं की तळाशी पाणी जायच्या जाळीची भोकं वरून मोजावीत. साहेब वारले आणि त्यांचा मुलगा आमोद आणि मुलगी शेफाली यांच्यात बंगल्यावरून दावा लागला. कोर्टानं सांगितलं, जैसे थे. म्हणजे निकाल लागेपर्यंत कुणी काही बदलायचं नाही. त्या दिवसापासून तलावाची मोटर बंद पडली. पहिल्या पावसाळ्यात पाणी शेवाळलं, दुसऱ्यात काळं पडलं. तिसऱ्या वर्षी त्यावर गुलमोहोराच्या पानांची साय धरली, तिच्यावर पावसाचं ताजं पाणी साचायचं, आणि दिवसाढवळ्याही डासांचा असा घुमारा उठायचा की खोलीचं दार उघडायची सोय राहिली नाही.

सुंदराबाईंनी सांगितलं नाही असं नाही. आमोद हिंजवडीला कंपनीजवळच्या टॉवरमध्ये राहायचा. तो फोनवर म्हणायचा, "सुंदराबाई, तो पूल शेफालीच्या वाट्यात येतो असं तीच कोर्टात म्हणते. मग तिलाच सांगा ना." शेफाली म्हणायची, "मी एक मग पाणी जरी काढलं तरी दादा म्हणेल मी ताबा घेतला. वकिलांनी बजावलंय, हात लावायचा नाही." महापालिकेची माणसं आली, फाटकावर नोटीस डकवून गेली. दोघांनीही ती आपली नाही म्हणून सांगितलं. मग पावसानं ती फाटकावरच धुऊन नेली.

त्या दुपारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी आमोदला पुन्हा फोन लावला. मुलीचं सांगितलं. वीस हजारांचं सांगितलं.

"ओह," आमोद म्हणाला. "काळजी घ्या हं. पपईच्या पानांचा रस देऊन बघा. फार इफेक्टिव्ह असतो."

सुंदराबाईंनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं त्यांनी राग गिळला होता. राखणदारानं मालकावर रागवायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण पाठ होतं. आता तो उसळून वर आला. पपईची पानं! ह्याच्या बापाला शेवटच्या आजारपणात दोन्ही वेळा उचलून बसवलं ते ह्या हातांनी, आणि हा पपईची पानं सांगतो!

त्यांनी तिथूनच दुसरा फोन लावला. पोपट निम्हणांना. पोपटभाऊ पाषाणचे, साहेबांच्या वेळी चौदा वर्षं तलाव सांभाळायला येत होते. त्यांना मैत्रीचं सांगितलं आणि तलाव साफ करायला बोलावलं.

"त्या घराची पायरी मी चढणार नाही," पोपटभाऊ म्हणाले. "चौदा वर्सं काम केलं आन् मेसेज पाठवून काढलं मला."

"पायरी नका चढू. मागच्या फाटकानं या."

मग पोपटभाऊंनी विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"जगंल म्हनत्यात."

"उद्या येतो."

मैत्रीला दवाखान्यातून सोडायला अजून आठ दिवस होते. दिवसा तिच्याजवळ बसायला सुंदराबाईंची बहीण येऊ लागली आणि सुंदराबाई तलावाशी भिडल्या.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, सगळं पाणी पंपानं उपसून टाकावं आणि तळ घासावा. पोपटभाऊंनी अडवलं. "पाऊस आत्ता संपलाय. जमिनीत पाणी हाय. तळं रिकामं केलं तर खालचं पाणी फरशी उचलून फोडंल. मग दोघं मालक मिळून आपल्यालाच फोडतील. हाय तेच पाणी निवळायचं."

आधी पानं काढली. जाळीच्या लांब दांड्यानं, टोपलीनं, शेवटी हातानं. पानांखालून सडका वास असा आला की पोपटभाऊंनी टॉवेल तोंडाला बांधला. सुंदराबाईंनी बांधला नाही. प्रत्येक टोपली त्या भिंतीशी अशी आपटत होत्या, जणू तिच्यात कुणी बसलं होतं. एक मेलेली घूस निघाली. बेडूक निघाले, ते बादलीतून नाल्यात सोडले.

"जरा सबुरीनं," पोपटभाऊ म्हणाले. "पाण्याचा काय दोष?"

"पान्यावर न्हाई हो रागावले मी."

दुसऱ्या दिवशी मोटर. ती गंजून जाम झाली होती. पोपटभाऊंनी तेल सोडलं, लोखंडी पान्यानं मोटरीचा दांडा दोनदा मागेपुढे फिरवला, तिसऱ्यांदा तो सुटला. गाळणीच्या टाकीतली वाळू ढेकळासारखी घट्ट बसली होती. ती फोडून, उलटं पाणी सोडून धुतली. निघालेलं पाणी बागेच्या कडेनं काळं वाहत गेलं. मग सुंदराबाई बसनं बोहरी आळीच्या बाजारात गेल्या आणि क्लोरीनची पावडर आणि तुरटी घेऊन आल्या. पावडर ऊन उतरल्यावर टाकायची, नाहीतर उन्हात तिचा जोर जातो, आणि बादलीत आधी पाणी घ्यायचं, मग पावडर, उलटं कधीच करायचं नाही, हे पोपटभाऊंनी तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा सुंदराबाईंनी असं पाहिलं की ते मोटरीकडे वळले.

दोन दिवसांनी हिरवं पाणी राखाडी झालं. मेलेलं शेवाळ, पोपटभाऊ म्हणाले. भिंती ब्रशनं घासल्या. तुरटी विरघळवून सगळीकडे शिंपडली, मोटर बंद ठेवली, आणि सकाळी पाहिलं तर सगळा गाळ खाली बसला होता, वर दुधाच्या पाण्यासारखं पाणी. पाइप लावून तो गाळ हळूहळू ओढून बाहेर टाकला. जरा जोरात हलवलं की पुन्हा वर उठायचा. सुंदराबाईंचा एवढा राग, पण त्या कामात त्यांचा हात कापसासारखा चालला. तीन वेळा गाळ बसवला, तीन वेळा ओढला. नवव्या दिवशी पोपटभाऊ काठावर उकिडवे बसले आणि म्हणाले, "जाळी दिसायला लागली. झालं पाणी."

त्याच दिवशी मैत्री घरी आली. रिक्षातून उतरली, काठावर आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"आई, हे तू केलंस?"

"पोपटभाऊंनी केलं. मी नुसती चिडले."

शेजारच्या बंगल्यातल्या योगेश नावाच्या माणसानं गच्चीवरून तलावाचा फोटो काढला आणि गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "शेवटी कुणाला तरी लाज वाटली." दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी दोन गाड्या थांबल्या. दोघं भावंडं चार वर्षांत पहिल्यांदा एका अंगणात उभी राहिली.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?" आमोदनं विचारलं. त्याची नजर शेफालीवर होती.

"माझ्याकडे काय बघतोस? तुझंच असणार. म्हणजे उद्या कोर्टात म्हणायला मोकळा, मेंटेनन्स मी करतो."

"सांगितलं कुणीच न्हाई," सुंदराबाई म्हणाल्या.

"अहो, पण कोर्टाचा आदेश आहे," शेफाली म्हणाली. "जैसे थे म्हणजे काय कळतं का तुम्हाला? कशात काही बदल करायचा नाही. उद्या वकील विचारतील, काय सांगू?"

सुंदराबाई पायरीवरून उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण पोपटभाऊंनी हातातला पाइप खाली ठेवला.

"जैसे थे कळतं मला. चार वर्सं त्यातच राहते. मग डासबी जैसे थे का? माझी पोरगी दवाखान्यात पडली होती, तिलाबी परत नेऊन घालू त्या कॉटवर? जैसे थे? तुमच्या वकिलाला सांगा, पानी घान होतं त्याचा पुरावा पाहिजे असंल तर माझ्या पोरीच्या अंगावर हाय. या, बघा. ये गं मैत्री, दाव हात."

मैत्री दारातच उभी राहिली. तिनं हात दाखवला नाही. तिनं दोघांकडे फक्त पाहिलं, आणि आमोदनं नजर वळवली.

"इमोशनल होऊ नका," तो म्हणाला. "प्रश्न परवानगीचा आहे."

"परवानगी! डासांनी कुनाची घेतली होती?"

भावंडं बाजूला गेली. गुलमोहोराखाली उभं राहून बराच वेळ बोलली. सुरुवातीला हातवारे झाले, मग माना हलू लागल्या. दोन दिवसांनी सुंदराबाईंच्या हातात एक कागद आला. महिनाअखेर खोली सोडावी. खाली दोन सह्या होत्या, आमोदची आणि शेफालीची, शेजारी शेजारी.

सुंदराबाईंनी तो मैत्रीकडून दोनदा वाचून घेतला. "बघ," त्या म्हणाल्या, "बापाच्या तेराव्याच्या खर्चावर यांची एक सही झाली न्हवती. माझ्यासाठी झाली." आणि मग भिंतीकडे तोंड करून त्या रडल्या. दुःख नव्हतं ते. आपला राग दुसऱ्यानं इतक्या सहज उचलून दाराबाहेर ठेवला, त्याची ती चीड होती.

जाण्याच्या दिवशी त्यांनी किल्ल्या द्यायच्या आधी एक कागद पुढे केला. मैत्रीनं सुवाच्य अक्षरात लिहिलेला. आज रोजी तलावाचे पाणी स्वच्छ असून तळ स्पष्ट दिसतो, यापुढे तलावाची देखभाल दोन्ही मालकांची राहील. "सह्या करा. किल्ल्या नंतर." दोघा भावंडांना ही बाई एकदाची जायला हवी होती. शेफालीनं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली, आमोदनं न वाचताच केली. मैत्रीनं त्याची प्रत महापालिकेच्या आरोग्य खात्यात नेऊन दिली आणि पोचेचा शिक्का घेतला.

दिवाळीपर्यंत तलाव पुन्हा हिरवा झाला. या वेळी योगेशनं तक्रार केली, आणि नोटीस फाटकावर न डकवता दोघांच्या घरी गेली. दोघांच्या सह्यांचा कागद खात्यात होता, नाही म्हणायला जागा नव्हती. आता एक कंपनी आठवड्यातून दोनदा येते. तिच्या आधी पोपटभाऊंना विचारलं होतं. पोपटभाऊंनी मेसेज पाठवून नाही म्हटलं.

सुंदराबाई आणि मैत्री पाषाणला सुतारवाडीत एका खोलीत राहतात. मैत्री कॉलेजला जाऊ लागली आहे, जिना चढताना अजून थांबते. सुंदराबाई पोपटभाऊंबरोबर तलावांच्या कामाला जातात, सहा बंगले त्या एकट्या बघतात. गेल्या महिन्यात बाणेरला एका बंगल्यावर नवं काम बघायला गेल्या. दोन वर्षांचं साचलेलं पाणी, आणि कोपऱ्यात माळ्याची पत्र्याची खोली. मालकीण दीपाली नावाची, मोबाइलवर बोलत बाहेर आली.

"आजी, रविवारी पाहुणे आहेत. तोपर्यंत निळं होईल ना?"

"त्या खोलीत कोन राहतं?" सुंदराबाईंनी विचारलं.

"माळी राहतो. त्याची फॅमिली. का?"

"त्यांना बोलवा. कुनाला ताप येऊन गेला का ते आधी विचारू. मग पाहुन्यांचं बघू."

दीपाली काही बोलायला गेली. सुंदराबाईंनी पदर खोचला, जाळीचा दांडा उचलला आणि पत्र्याच्या खोलीकडे चालू लागल्या.