बसमधला पट्टा

त्या सकाळी मी शिलाई मशीनवर बसले होते. मोबाईल वाजला. मुलीच्या शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका होते.

"ताई, घाबरू नका. पोरीला थोडं लागलंय."

सोनईच्या रस्त्याने स्कूटी कशी नेली ते मला आठवत नाही. बस कडेला उभी होती. शेतातून उसाची ट्रॉली अचानक रस्त्यावर आली आणि काकांनी कचकन ब्रेक मारला होता. ट्रॉलीला बस लागली नव्हती. पण माझी पहिलीतली मुलगी पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर आपटली होती. ओठ फाटला होता आणि पुढचे दोन दात पडले होते.

"दुधाचे दात आहेत, पुन्हा येतील," टाके घालताना डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. ती दांडी दोन बोटं वर असती तर डोळाच गेला असता, हे मात्र डोक्यातून जाईना.

आठ दिवसांनी ती परत बसने जाऊ लागली. त्यानंतर माझं सकाळचं काम बंदच पडलं. बस वस्तीवरून निघाली की मी दारात येई, आत जाई, पुन्हा दारात येई. गिऱ्हाइकाचा ब्लाउज उलटा शिवला. फोन वाजला की हातातलं शिवण टाकून धावत जाई.

शाळेत पालकांची बैठक झाली. मी उभी राहून म्हणाले, "बसमध्ये मुलांना बेल्ट हवेत."

मागून एक बाप बोलला, "आन् गाडी कॅनॉलात गेली तर? बांधलेली पोरं सोडवनार कोन?"

आमच्या रस्त्याला कॅनॉल तीन ठिकाणी लागतो.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दोघांच्या सीटवर तिघं बसतात. बेल्ट लावणार कसे?"

"मग तिघं का बसतात?" मी विचारलं.

ड्रायव्हरकाका दाराशी उभे होते. त्या दिवसापासून ते माझ्याशी नजर मिळवत नव्हते. ते म्हणाले, "म्याडम, मी बोलू का? ब्रेक मी मारला. मला पट्टा हाय, म्हनून मी जागेवर ऱ्हायलो. पोरं न्हाई ऱ्हायली." एवढं बोलून ते बाहेर गेले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बसच्या दोन फेऱ्या सुरू झाल्या. सीटवर दोघंच बसू लागली आणि पट्टेही आले. कॅनॉलचं विचारणारे ते गृहस्थ आणि मी, दोघं पहिला आठवडाभर बसमधून गेलो. बस उभी असताना ते टाळी वाजवत आणि मुलं पट्टे सोडून दाराकडे पळत. मोठ्यांना तो खेळच वाटला. लहानांच्या अंगठ्यांत मात्र जोर नव्हता. बटण दबायचंच नाही. मग लहानग्याशेजारी एक मोठं मूल बसवायचं ठरलं, आपला सोडला की त्याचा सोडायचा. गृहस्थ पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "आता बरं वाटतंय." मला अजूनही तसं वाटत नव्हतं.

माझ्या मुलीला पट्टा आवडत नव्हता. "पोटाला आवळतं," ती रोज सांगे. मी समजावलं, एकदा रागावलेही.

मग एका सकाळी मला दिसलं. बस सुटली आणि ती खिडकीत उभी राहिली. पट्टा सोडून, दोन्ही हात काचेवर ठेवून. मला टाटा करायला. मी हातवारे करत ओरडले, "बस खाली." तिला वाटलं, आई खेळतेय. ती आणखी जोरात हात हलवू लागली. काकांनी आरशात पाहून बस थांबवली. मुलांना सांभाळायला बसमध्ये असणाऱ्या मावशींनी तिला बसवलं, बांधलं.

दुसऱ्या दिवसापासून मी टाटा करणं सोडलं. फाटकापाशीच तिचा पापा घेते, ती बसमध्ये चढली की पाठ फिरवते आणि घराकडे चालू लागते. वळून पाहत नाही. मला पाहिलं की ती उठेल. मागे बसचं दार लागतं, गिअर पडतो, आवाज लांब जात राहतो. तो वळणापलीकडे विरेपर्यंत माझी पाठ ताठ असते.