गोष्टीतले सासरे

ताईचे सासरे सभागृहात डोळे पुसताना दिसले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. समोर व्यासपीठावर ताई आपल्या इडली-डोशाच्या पिठाच्या धंद्याची गोष्ट सांगत होती. महिला उद्योजकांच्या शिबिरातल्या प्रशिक्षकाने ती तिच्याकडून बसवून घेतली होती. आधी मनातली हाक, मग संकट, मग वाट दाखवणारा गुरू आणि शेवटी यश. "गुरूशिवाय गोष्ट उभी राहत नाही," असं तो म्हणाला, म्हणून ताईने सासऱ्यांचं नाव घेतलं.

मला आठवणारे सासरे वेगळे होते. ताईने मोठा ग्राइंडर आणला तेव्हा "माझ्या घराची खानावळ करायची नाही," म्हणत त्यांनी तो अंगणात काढून ठेवला होता. त्या दिवशी ताई माझ्याकडे येऊन रडली होती.

इतकी नीटनेटकी गोष्ट ऐकली की मला संशय येतो. साच्यात बसवताना कुणाला कापलं, कुणाला ताणलं, हे मी शोधत बसते.

कार्यक्रम संपल्यावर मी ताईला विचारलं, "एवढं खोटं कशाला गं?"

"घरी सासऱ्यांसमोर सराव केला होता," ती हळूच म्हणाली. "तेव्हापासून रोज सकाळी तांदूळ निवडायला बसतात. आता खरं कुणासाठी सांगू?"

बाहेर सासरे रिक्षावाल्याला सांगत होते, "सुनेला मीच म्हटलं, कर धंदा, मी आहे."

त्यांच्या आवाजात इतका जिव्हाळा होता की क्षणभर मला माझ्याच आठवणीचा संशय आला.