नानांच्या कासवाचं ऊन

उत्साहाच्या बाबतीत आमच्या शेजारच्या नानांना मागे टाकेल असा माणूस मी अख्ख्या खानदेशात पाहिला नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत मास्तर म्हणून राहायला आलो. माझी ट्रंक अजून दारातच होती, तेवढ्यात नाना मला हाताला धरून त्यांच्या घरी घेऊन गेले. कशाला, तर माठाखालची वाळू ओली ठेवली की पाणी किती गार होतं ते दाखवायला. केंद्रात ते इलेक्ट्रिशियन होते. कुठलीही गोष्ट उद्यावर ढकलून सांगणं त्यांना जमत नसे. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवूनही ते बातमी द्यायला आलेले मी पाहिले आहेत. आणि उत्साह फारच वाढला, की त्यांची शहरी मराठी गळून पडायची आणि साक्रीकडची अहिराणी वर यायची. त्यावरून मला बातमीचं वजन कळायचं.

एकदा तापीवरच्या एका मासेमाराच्या जाळ्यात पुरीएवढं कासव आलं. नानांनी ते मागून घेतलं आणि जेवणाच्या डब्यात घालून घरी आणलं. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पीठ मळायची परात परत मिळेल का, एवढंच विचारलं. ती काही मिळाली नाही. बाहेर मांजरं फार, म्हणून परात बैठकीच्या खोलीत गेली. तिच्यात पाणी, मधोमध वीट आणि वर शंभर वॉटचा दिवा. विजेच्या माणसाच्या घरी कासवाला उजेड कमी पडणार नाही, असं ते आल्यागेल्याला अभिमानाने सांगायचे. पाहुण्याला आधी कासव दिसे, चहा मागाहून.

पण थंडी सरता सरता कासवाने खाणं सोडलं. नानांनी बोटाने पाठ दाबून पाहिली, तर ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी दबली. त्यांनी दोनशेचा दिवा लावला, कासव आणखीच मलूल झालं. मग परात खिडकीत गेली. कावळ्यांच्या भीतीने काच लावलेली, पण ऊन भरपूर. पंधरा दिवसांनी पाठ तशीच मऊ. गुरांच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की आपला अनुभव शिंगांपर्यंतच आहे. तेव्हा नानांनी रजा टाकली, कासव पिशवीत घेतलं आणि रेल्वेने थेट अमळनेर गाठलं. तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक होते. ओळख नव्हती, पण नानांना ओळखीची गरज कधी पडली होती?

दुपारी ते परतले ते सरळ माझ्या सातवीच्या वर्गात.

"भाऊ, बठ्ठं चुकनं शे," ते दारातूनच म्हणाले. सगळंच चुकलंय, आणि तेही अहिराणीत; मी खडू खाली ठेवला.

दिव्यात ऊब असते, उजेड असतो, पण उन्हातला अतिनील किरण नसतो. खिडकीची काचही तो किरण अडवते. तो अंगावर पडला नाही तर कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कितीही चुना खाल्ला तरी पाठीला लागत नाही. हे सगळं त्यांनी माझ्या फळ्यावर आकृती काढून समजावलं. पुढे कित्येक वर्षं तो धडा मी त्यांच्याच शब्दांत शिकवला.

मग अतिनील किरणांच्या नळीचा शोध सुरू झाला. जळगावातली विजेची दुकानं पालथी घातली, मुंबईला पत्रं गेली. दवाखान्यात जंतू मारायला असते ती नळी आणावी, असंही त्यांच्या मनात आलं होतं. पण तिने डोळे जातील, असा दम प्राध्यापकांनी आधीच भरला होता. असे आठ दिवस गेले. कासव मान बाहेर काढेनासं झालं, आणि नाना जेवता जेवता उठून त्याच्यापाशी जाऊन बसू लागले. शेवटी ओट्यावर मेथी निवडता निवडता अक्का म्हणाल्या, "ऐन उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यात ऊन विकत घ्यायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. परात अंगणात ठेवा की."

नाना उठले आणि त्यांनी परात उचलली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात ते साडेआठ नाना अंगणात. रात्रपाळी करून आले तरी आधी कासव, मग झोप. खानदेशातलं ऊन, कासव भाजून निघायचं. म्हणून अर्ध्या परातीवर फळी, कावळ्यांसाठी काठी आणि स्वतःच्या डोक्यावर छत्री. जाणारा-येणारा थांबला, की त्याला अतिनील किरण ऐकावेच लागत. साहेब लोकही सुटले नाहीत. कासव आठवड्याभराने पालक कुरतडू लागलं. पाठ मात्र सावकाश भरली. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी नानांनी नखाने टिचकी मारली आणि टक्क असा आवाज आला. त्या दिवशी आमच्या कॉलनीतल्या प्रत्येकाला ती टिचकी मारावी लागली. अक्कांनीही हातातलं काम ठेवून मारली, दोनदा.

काही वर्षांनी नाना निवृत्त झाले. साक्रीकडच्या गावी जायचं ठरलं, पण तिथल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसे. कासव मागणारे खूप होते. नानांनी प्रत्येकाला त्याच्या अंगणात ऊन किती येतं ते विचारलं आणि कोणालाच दिलं नाही. एका सकाळी कासव ओल्या टॉवेलात गुंडाळून, मला बरोबर घेऊन ते तापीवर गेले. आता ताटलीएवढं झालेलं ते कासव त्यांनी उथळ पाण्यात ठेवलं. ते थोडा वेळ तसंच राहिलं, मग एका खडकावर चढलं आणि पाय ताणून बसलं.

"आता रोजचं ऊन त्याचं ते घेईल," नाना म्हणाले.

कासव कधी पाण्यात उतरलं ते आम्हाला कळलंही नाही. मी एसटीची वेळ झाल्याची आठवण करून दिली. त्यांनी मान हलवली, पण उठले नाहीत. त्यांच्या हातात ओला, रिकामा टॉवेल होता; तो ते हळूहळू पिळत राहिले.