दुधाच्या पातेल्यातली टेप

"आणि त्यासाठी दुधाचंच पातेलं सापडलं तुम्हाला?"

"चहाचं लहान पडतं. साठ इंची कापडी टेप आहे. गुंडाळून टाकली की आतला भाग नीट उकळत नाही."

"ऐकलंस का गं? नीट उकळत नाही म्हणे!" मास्तरांच्या बायकोने चिमट्यात धरलेली ओली टेप सुनेपुढे नाचवली. "महिनाभर आपण गावभरच्या कमरांचा काढा पितोय."

सून जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडून बसली होती. तिने एका कानातलं इअरफोनचं बोंडूक काढलं. "आई, माझी मीटिंग चालू आहे. सगळ्यांनी ऐकलं."

"मग विचार त्यांना, त्यांच्याकडे टेप कशात उकळतात!"

नेहमी मास्तर आंघोळीच्या आधी, बायको गच्चीवर कपडे काढायला गेली की, पाच मिनिटांत हे काम उरकायचे. आज तिला कपडे काढायला वेळच लागला नाही.

चौकातल्या मोठ्या शिवणाच्या दुकानात मास्तर बेचाळीस वर्षं मापं घेत होते. ते माप घेऊन चिठ्ठीवर लिहायचे, मागच्या खोलीतला कटर त्या आकड्यांवरून लाकडी पट्टीने कापड कापायचा. दुकानाचे सध्याचे मालक पहिलीत गेले तेव्हाची त्यांची अर्धी चड्डीही मास्तरांच्याच मापाची. आता मास्तरांचं वय चौसष्ट, अंगात साखर, छातीत जुना दमा. साथ आली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "माणसांपासून दोन हात लांब राहा." दोन हात लांबून छातीचं माप कसं घ्यायचं, ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

दुकान पुन्हा उघडल्यावर काही दिवसांनी मालक म्हणाले होते, "मास्तर, भीती वाटत असेल तर थोडे दिवस घरी थांबा."

"छे छे! भीती? मला?" मास्तर छाती काढून म्हणाले. इस्त्रीवाला असाच थोडे दिवस घरी थांबला होता. त्याच्या टेबलावर आता दुसराच कोणी इस्त्री फिरवत होता आणि त्याची रिकामी खुंटीसुद्धा कुणीतरी घेतली होती.

तेव्हापासून मास्तर तोंडावर दोन मास्क चढवून, श्वास रोखून मापं घेत. सडपातळ गिऱ्हाईक असलं तर निभायचं. पण समोरचे औषधवाले कोटाच्या मापाला आले, त्या दिवशी त्यांच्या पोटाला वळसा घालून टेपेचं दुसरं टोक हाती येईपर्यंत मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. औषधवाल्यांनी स्वतःच त्यांना खुर्चीवर बसवलं.

एवढं करून घरी आलं की टेप डोळ्यांपुढे यायची. ही आज किती जणांच्या मानेला लागली? मास्तर मनातल्या मनात माना मोजायचे आणि पातेलं शोधायचे.

आणि गेल्या पंधरा दिवसांत दुकानात भलतंच सुरू झालं होतं. शिवलेला प्रत्येक कपडा घट्ट. पहिलं गिऱ्हाईक स्वतःच ओशाळून म्हणालं, "दोष माझाच हो मास्तर, घरी बसून फुगलोय." दुसरंही तेच म्हणालं. औषधवाले तर वजन उतरवायला चौकाला रोज चार फेऱ्या मारायला लागले. पण अकरावी पँट परत आली तेव्हा मालक मास्तरांच्या हातांकडे बघत राहिले. "उद्या दहाला जरा बसू, मास्तर. बोलायचंय." मास्तर सकाळपासून तेच डोक्यात घेऊन फिरत होते; घरी आल्या आल्या दोघींना सांगूनही टाकलं होतं. हात गेले आपले. खुंटी गेली.

"आणि वाळवता कुठे ही?" बायकोचं अजून संपलं नव्हतं.

"मोरीतल्या दोरीला."

"तरीच! मला वाटलं साप लोंबतोय."

"गोळा होऊ नये म्हणून खाली कात्री बांधतो."

"कुठली कात्री? ती घणासारखी?"

"तीच. ताणून सरळ राहते."

बायको बोलायची थांबली. तिचं असं मध्येच थांबणं इतकं दुर्मीळ होतं की सुनेने दुसऱ्या कानातलं बोंडूकही काढलं. बायको आत गेली, आपल्या शिवणाच्या डब्यातली प्लॅस्टिकची टेप घेऊन आली आणि दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीकडे साठ झाले. मास्तरांच्या टेपेवर, त्याच जागी, अठ्ठावन्नच होते.

"दोन इंच!" सून म्हणाली. "बाबा, टेप लांबलीय. म्हणजे छत्तीसची कंबर पस्तीसच दिसणार."

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हात शाबूत होते. तेवढ्यापुरतं त्यांना हायसं वाटलं.

"थांबा," बायको म्हणाली. "दहा-बारा दिवसांपूर्वी माझ्या ब्लाउजचं माप याच टेपेने घेतलंत?"

"हो."

"तो मी बेतला माझ्या टेपेने. हुक लागेना म्हणून आठ दिवस अर्धपोटी जेवतेय मी!"

सून हसायला लागली. मग मास्तरांचं तोंड बघून थांबली.

"मालकांना सांगा ना, टेप जुनी होती, सैल पडली."

"विचारतील, एकदम या महिन्यातच कशी?"

"मग माझ्यावर घाला," बायको म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "म्हणा, बायकोने न विचारता धुतली. मला काय, मी कुठे जाणारे तुमच्या दुकानात?"

मास्तर खुर्चीवर बसले. बायकोवर घातलं तर सुटका होती. मग परवापासून पुन्हा दोन मास्क, पुन्हा श्वास रोखायचा, पुन्हा "छे छे, मला?" त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली.

"उद्या दहाला मी मालकांना सांगणार आहे, टेप मीच उकळली, कारण मला भीती वाटते. रोज वाटते. बिघडलेली सगळी मापं मी परत घेईन, पण दुकानाबाहेर, उघड्यावर, एका वेळी एक माणूस. चालत असेल तर चालेल, नाहीतर मी घरी बसेन. आणि तू आज पोटभर जेवायचंस."