केळशीचे एकोणीस प्रश्न

केळशीत कुणाकडे बारसं असो की बारावं, किती माणसांना किती भात लागेल हे विचारायला लोक आत्माराम शिरधनकरांकडे येत. पंचवीस वर्षं त्यांनी जहाजांवर स्वयंपाक केला होता. ताटं वाढणारा मेसमन म्हणून चढले आणि चीफ कुक होऊन उतरले. आता गावात ते आणि त्यांची बायको दमयंती मिळून पर्यटकांसाठी खानावळ चालवत. सारा गाव त्यांना आत्मारामकाका म्हणे. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की काकांना खुर्ची पुरत नसे. उठून, फेऱ्या मारत, हातातली पळी हलवत ते बोलत आणि ऐकणाऱ्याने रस्स्याच्या शिंतोड्यांपासून स्वतःला सांभाळायचं.

एका विषयावर मात्र ते बोलत नसत. चौदा वर्षांपूर्वी आखाताकडून निघालेलं त्यांचं जहाज चाच्यांनी धरलं आणि सात महिने किनाऱ्यालगत नांगरून ठेवलं. सुटून आले तेव्हा शाळेत सत्कार झाला, हारतुरे झाले. त्यानंतर कुणी विचारलंच, तर "चाच्यांनापण माझी डाळ आवडायची" एवढं हसून सांगत आणि उठून जात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत वेदिका नावाची ठाण्याची मुलगी केळशीत आली. मुंबईतल्या एका संस्थेत ती पीएच.डी. करत होती आणि दापोलीला खोली घेऊन राहिली होती. समुद्री मार्गांच्या सुरक्षेवर जगभर ढीगभर लिहिलं जातं. जहाजं किती, माल किती, युद्धनौका किती, सगळ्याची मोजदाद होते. पण चाच्यांच्या नाहीतर लढाईच्या तावडीतून सुटून घरी आलेल्या खलाशाची तब्येत पुढे कशी राहते, हे फारसं कुणी बघत नाही. तेच तिला बघायचं होतं. तांबड्या समुद्रात जहाजांवर पुन्हा हल्ले होऊ लागल्यापासून परदेशातल्या एका विद्यापीठालाही या कामात रस होता.

तिच्याकडे छापील प्रश्नावली होती. 'गेल्या चार आठवड्यांत आपणांस भयग्रस्तता, नैराश्य अथवा निद्रानाश यांचा अनुभव आला काय?' उत्तरं चार: कधीच नाही, क्वचित, वारंवार, नेहमी. काकांनी वीस प्रश्न आठ मिनिटांत उरकले. सगळीकडे 'कधीच नाही'. मग पाहुणी उपाशी जाऊ नये म्हणून तिला सुरमईचं कालवण वाढलं.

जेवताना ती पडलेल्या आवाजात म्हणाली, "काका, एकतीस जणांना भेटले. सगळ्यांचं तुमच्यासारखंच, कधीच नाही. आमचे सर म्हणतात, इथे काही सापडत नाही, दुसरा जिल्हा बघ. उद्या तसा अहवाल पाठवते आणि निघते."

"बरंच आहे की," काका म्हणाले. "कोकणी माणूस घट्ट असतो."

ती तीनची दापोली गाडी पकडायला गेली. दमयंतीकाकू ताटं उचलत होत्या. त्यांनी विचारलं, "काय हो, सगळं कधीच नाही लिहिलंत?"

"मग काय लिहू?"

"सात हंडे पाणी कायम कशाला भरून ठेवता? शिळं झालं तरी ओतू देत नाय. मागून कुणी जोरात हाक मारली की दोन्ही हात वर जातात तुमचे. परवा टपाल द्यायला आला तो पोस्टमन, त्याच्यासमोर हात वर करून उभे राहिलात. बिचारा घाबरला. चौदा वर्षं बघते मी. ह्याला काय कधीच नाही म्हणतात?"

काका उभेच राहिले. धरलेल्या जहाजावर माणशी दिवसाला एक बाटली पाणी मिळायचं. चाचे माणसं मोजायला येत तेव्हा सगळ्यांनी हात वर करून रांगेत उभं राहायचं. हे त्यांना रोज आठवत होतं, पण हंडे आणि हात त्याच्याशी जोडलेले आहेत हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. लाज वाटायला हवी होती. वाटला तो भलताच आनंद, एखादं हरवलेलं झाकण सापडून नेमकं आपल्या भांड्यावर बसावं तसा.

"अगो," ते ओरडले, "तिने विचारलंच नाय ना असं! तिने भयग्रस्तता विचारलं. हंडे कुठे विचारले?"

आणि पायात एकच चप्पल नीट घालून ते स्टँडकडे धावत सुटले. एकोणसाठ वर्षांचा माणूस, कमरेला खानावळीचं फडकं. गाडी सुरू झाली होती. काका थेट पुढ्यात उभे राहिले.

कंडक्टरने डोकं बाहेर काढलं. "काका, चढायचंय काय?"

"चढायचं नाय, उतरवायचंय! वेदिकाबाई, खाली उतरा! माझी उत्तरं चुकली!"

त्या दिवशी वेदिका शेवटच्या गाडीने गेली. तोवर काका फेऱ्या मारत बोलत होते आणि ती लिहीत होती. चौदा वर्षांत जे बाहेर पडलं नव्हतं ते दोन तासांत आलं. मध्येच काका थांबत, पाणी पीत, "लिहिलंत ना?" विचारत आणि पुन्हा सुरू होत. शेवटी त्यांनी मुद्द्याला हात घातला. "माणसाला काय होतंय ते विचारू नका. तो काय करतो ते विचारा. आणि त्याला विचारायच्या आधी घरातल्या बाईला विचारा."

पुढचे पंधरा दिवस केळशीत नुसती धांदल उडाली. दमयंतीकाकू गिरणीत, किनाऱ्यावर मासळीच्या लिलावात, देवळाच्या पायरीवर, जिथे खलाशांच्या घरच्या बायका भेटतील तिथे बसत. नावं कुठेही लिहायची नाहीत, अशी वेदिकाची सक्त ताकीद होती. फक्त सवयी. घरी आल्यापासून तुमचा माणूस काय वेगळं करतो? बायका आधी हसल्या. मग एकीने सांगितलं, ताटातली चपाती फडक्यात बांधून ठेवतात. दुसरी म्हणाली, जेवताना दाराकडे पाठ करून बसत नाहीत. तिसरीचा नवरा समुद्रात अनोळखी होडी दिसली की ती नजरेआड होईपर्यंत ओटीवरून हलत नसे. काका जहाजावरच्या जुन्या मेनूच्या वहीत सगळं उतरवून काढत. चाळीस प्रश्न झाले.

ते हातात घेऊन वेदिकाने मुंबईला सरांना फोन लावला. स्पीकर चालू होता. सर शांतपणे म्हणाले, "छान आहे. पण ह्या गप्पा झाल्या. ह्याच सवयी जहाजाला धोका न झालेल्या खलाशांनाही असतील तर? आधी ते सिद्ध करा."

काकांना राग यायच्या ऐवजी आनंदाची उकळीच फुटली. "बरोबर बोलला माणूस! मीठ जास्त झालं की कमी, हे चव घेतल्याशिवाय कसं सांगणार?"

मग ज्यांची सगळी नोकरी विनाधोका गेली होती असे खलाशी शोधले. आणि पहिल्याच आठवड्यात काकांचा लाडका प्रश्न गळाला. केळशीला नळ एक दिवसाआड येतो. पाणी सगळेच साठवतात! धोका पाहिलेले आणि न पाहिलेले, सगळ्यांचे हंडे भरलेले. वेदिकाने जपून सांगितलं. काका क्षणभर हिरमुसले, मग मांडीवर थाप मारून हसले. "म्हणजे प्रश्न माझा असला तरी खोटा पडू शकतो! काय मजा आहे हो ह्या कामात!"

चाळिसातले एकवीस असेच गळाले. एकोणीस राहिले. शिवाय एक गंमत झाली. काका आता प्रश्न बनवणाऱ्यांत होते, त्यामुळे नियमाप्रमाणे त्यांची स्वतःची उत्तरं अभ्यासातून काढावी लागली. ते गावभर सांगत सुटले, "मी आता विचारणाऱ्यांतला."

पण खरी परीक्षा सुजयच्या घरी झाली. सुजय सत्तावीस वर्षांचा, जहाजावर इंजिन रूममध्ये फिटर. तांबड्या समुद्रात त्याच्या जहाजावर ड्रोन आदळला होता, आणि तो घरी येऊन पाच महिने झाले होते. छापील प्रश्नावलीला त्यानेही 'कधीच नाही' म्हटलं होतं. त्याची आई यमुनाबाई गिरणीत दमयंतीकाकूंच्या कानाशी येऊन मुलाबद्दल बोलल्या होत्या, कुणाला कळू नये म्हणून.

वेदिका नव्या यादीतले प्रश्न विचारू लागली. काका शेजारी गप्प बसले होते. बोलायचं नाही, असं तिने बजावलं होतं. आठ प्रश्न झाले. सुजय 'नाय, नाय' करत मोबाइलकडे बघत होता. नववा प्रश्न आला.

"घरात असताना, जेवतानासुद्धा, पायात बूट असतात का?"

सुजयने खाली पाहिलं. पायात बूट होते. नाड्या घट्ट, दुहेरी गाठीच्या. आत माजघरात यमुनाबाईंच्या हातून ताटली खाली पडली आणि सुजय उठून दारापर्यंत पोचलासुद्धा. तिथेच तो थांबला. चौकटीला हात लावून उभा राहिला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही," वेदिका म्हणाली. "हा प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो. नव्या यादीचे तुम्ही सातवे. तुमच्या आधी चौघं 'हो' म्हणाले."

"चौघं?" त्याने पुन्हा विचारलं. "बूट घालून जेवतात? आपल्या इकडे?"

"आपल्याच इकडे."

तो परत येऊन बसला. "मला वाटलं मी एकटाच येडा झालोय," तो म्हणाला, आणि मग जे बोलायला लागला ते जेवणवेळ टळून गेली तरी थांबेना. स्फोटानंतर इंजिन रूममधून तो अनवाणी धावला होता. तापलेल्या लोखंडी जिन्यावरून. तळव्यांवरचे डाग त्याने पहिल्यांदाच आईला दाखवले. यमुनाबाई दारात बसून ऐकत होत्या. बाहेर आल्यावर काकांनी वेदिकाचे दोन्ही हात धरले. "चालतात! आपले प्रश्न चालतात हो!"

त्याच आठवड्यात सुजय दापोलीला डॉक्टरांकडे गेला. सोबत काका होते, आणि डॉक्टरांसमोरच्या दुसऱ्या खुर्चीत तेही बसले, स्वतःचा केसपेपर काढून. दोघांचेही उपचार सुरू झाले.

पावसाळा संपेपर्यंत केळशी, आंजर्ले, हर्णै मिळून चौसष्ट खलाशी झाले. ज्यांनी नव्या यादीला बऱ्याच ठिकाणी 'हो' म्हटलं त्या तेवीस जणांना मानसोपचार तज्ज्ञांनी वेगळं तपासलं. एकोणीस जणांना खरोखरच उपचारांची गरज होती. छापील प्रश्नावलीने त्यातले दोनच पकडले होते. वेदिकाने हे सांगायला फोन केला तेव्हा काका पन्नास माणसांच्या ऑर्डरचा मसाला भाजत होते. गॅस बंद करून ते अंगणात आले आणि समोरून चाललेल्या अनोळखी पर्यटकाला म्हणाले, "सतरा माणसं जास्त सापडली!" पर्यटकाने घाबरून अभिनंदन केलं.

डिसेंबरात परदेशी विद्यापीठाबरोबर ऑनलाइन बैठक ठरली. केळशीच्या नेटवर विश्वास नव्हता, म्हणून दोघं नवरा-बायको दापोलीला वेदिकाच्या खोलीवर गेले. पडद्यावर सात-आठ चेहरे होते. समुद्री सुरक्षेवर काम करणाऱ्या एक नॉर्वेच्या प्राध्यापकबाई, दोन डॉक्टर, मुंबईचे सर. वेदिकाने आकडे मांडले. प्राध्यापकबाईंनी थेट काकांना विचारलं, की डॉक्टरांच्या आधी घरच्यांना कसं कळलं?

काकांनी जहाजावरचं इंग्रजी बाहेर काढलं. आनंदाने शब्द फुटत होते. "मॅडम, डॉक्टर आम्ही सांगू ते ऐकतो. बायको आम्हाला बघते." मग न विचारता पुढे बोलले, "जहाज सुटलं की तुमच्या कागदावर प्रकरण मिटतं. आमच्या घरात ते तिथून सुरू होतं. मी चौदा वर्षं घरी होतो, आणि माझं मलाच माहीत नव्हतं."

मग प्राध्यापकबाई म्हणाल्या की ही यादी इतर देशांतल्या खलाशांच्या गावांत वापरून पाहायची आहे, पण आधी तिथल्या घरच्या बायकांशी बोलून नवी बनवावी लागेल, नाही का? मुंबईचे सर हसले आणि म्हणाले, "ह्यांना विचारा. मी आधी नाही म्हणालो होतो."

शोधनिबंध लिहून झाला तेव्हा वेदिकाने काकांना फोन करून विचारलं, "लेखकांत तुमचं नाव येतंय. संस्था म्हणून काय लिहू?"

"चीफ कुक, निवृत्त, केळशी," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि माझं एकट्याचं कसं घालता? यादी दमयंतीने केली. मी नुसती वहीत उतरवली."

वेदिका हसली. "काकूंचं नाव तुमच्या आधी आहे, काका."

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या नारळ खवत होत्या. हात पुसून आल्या, वेदिकाने मोबाइलवर पाठवलेलं पान डोळ्यांजवळ धरून स्वतःचं इंग्रजी नाव एकेक अक्षर करून वाचलं, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की काकांनाही हसू आवरेना.

या जानेवारीत दोघं रत्नागिरीला गेले. जिल्ह्यातल्या इतर बंदरांवर हीच पाहणी करायची होती आणि त्यासाठी बावीस मुलंमुली शिकायला जमली होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, रात्रभर भाषण पाठ केलं होतं. नमस्कार-चमत्कार होतात न होतात तोच राही नावाच्या मुलीने हात वर केला.

"काका, घरात गेल्यावर पहिला प्रश्न कुठला विचारायचा?"

काकांनी श्वास घेतला, भाषणाचं पहिलं वाक्य ओठांवर आणलं. पण दमयंतीकाकू तोवर उठून फळ्यापाशी पोचल्या होत्या.

"पहिला प्रश्न विचारायचाच नाय गो," त्या म्हणाल्या. "आधी त्याच्या आईजवळ स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. आज काय रांधलंय ते बघायचं. वह्या मिटा बघू सगळ्यांनी, सांगते कसं ते."

बावीस वह्या मिटल्या. काका पुढच्या बाकावर जाऊन बसले, आणि आपली मात्र उघडून लिहायला लागले.